वळसा

माझी माय फोनवर खरं सांगत नाही. खोटारडी नाही ती, पण वाईट बातमी फोनवरून द्यायची नसते हे तिचं ठाम मत आहे. गोठ्यात घसरून तिचा हात मोडला, तेव्हा मी रोज शिरपूरहून फोन करत होते आणि रोज तिकडून एकच उत्तर येत होतं, "बठ्ठं बरं शे," म्हणजे सगळं बरं आहे. प्लास्टर निघाल्यावर मला कळलं. तेही तिने नाही सांगितलं, भाऊ बोलता बोलता बोलून गेला.

एकट्या मायला तरी काय बोलू, अख्खं निमखेडी तसंच आहे. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, वारले तेव्हा मी जळगावला शिकत होते. जीवराम नानांचा, म्हणजे माझ्या काकांचा फोन आला, "आबानी तब्येत जराशी नरम शे, निंघी ये." बसस्टँडवर गावातले दोघं भेटले. एकाने चहा पाजला, दुसऱ्याने पिशवी उचलली, आणि दोघंही कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिले. गल्लीच्या तोंडाशी आमच्या दारातल्या चपलांचा ढीग दिसला तेव्हा मला समजलं. सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कोणीतरी सांगेल.

त्या रागातूनच की काय, मी शिकले ते नेमकं निरोप पोचवण्याचं शास्त्र. शेकडो संगणक एकाच मोठ्या गणिताला एकदम बसवतात, भिंतीतल्या विटांसारखे शेजारी शेजारी. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागतं, म्हणून ते सारखे एकमेकांना निरोप देतात. मधला एखादा बंद पडला तर निरोप अडकू नये, त्याला वळसा घालून पलीकडे जावा, एवढ्याच गोष्टीवर मी जळगावला माझी उमेदीची वर्षं घातली. पीएचडी झाली तेव्हा नवल, माझा धाकटा भाऊ, सगळ्या गावाला सांगत फिरला, "आमनी अक्का मरेल यंत्रले वळसा घालाना शिकनी."

मग हेच शास्त्र मी आमच्या नदीवर आणलं. आमची नदी सातपुड्यातून येते. खाली कोरडं ऊन असतं आणि वर डोंगरात ढग फुटतो, की पात्रात गुडघाभर पाण्याचं एकदम पुरुषभर होतं. गुरं, मेंढरं, एकदा बैलगाडीसकट माणूस गेला. म्हणून मी शिकवते त्या शिरपूरच्या कॉलेजातर्फे आम्ही वरपासून खालपर्यंत पेट्या बसवल्या. प्रत्येक पेटीत एक छोटा संगणक, वर सोलरची पाटी. सगळ्यात वरची पेटी डोंगरात तेरसिंगच्या पाड्यावर, तिच्यावर लक्ष त्याचं; सगळ्यात खालची निमखेडीच्या फरशी पुलावर, मधल्या खांबाला, तिची देखभाल नवलकडे. वर पाणी वाढलं की निरोप एका पेटीकडून दुसरीकडे उतरत यायचा आणि खालच्या पेटीवरून ग्रामपंचायतीच्या गच्चीवरचा भोंगा वाजायचा. खालची पेटी बंद असेल तर निरोपाने महादेवाच्या टेकडीवरून वळसा घालायचा. कोणतीही पेटी मेली तरी भोंगा वाजणारच, असं मी ग्रामसभेत छातीठोक सांगितलं होतं.

मी मुळातच भित्री आहे, हेही सांगून टाकते. आधी भोंग्याचं एक बटण माझ्या शिरपूरच्या टेबलावर होतं. एकदा ढग नुसते काळे झाले म्हणून मी ते दाबलं आणि भर लग्नात वऱ्हाड ताटावरून उठून पळालं. नवरदेव अक्षतांसकट शाळेच्या ओसरीवर चढला होता म्हणे. सरपंचांनी बटण काढून घ्यायला लावलं. भोंगा आता फक्त पाण्याने वाजायचा, किंवा गच्चीवरच्या खोलीतून हाताने. त्या खोलीची किल्ली शिपायाच्या करगोट्याला.

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. पुणे-मुंबईकडच्यांना कानबाई म्हटलं की सांगावं लागतं, ही आमची खानदेशची देवी. आम्हाला ती घरातलीच बाई वाटते. रविवारी रोट, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, होतात. ते कुळातल्या माणसांनीच खायचे, बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. आणि लग्न होऊन गेलेली मुलगी आमच्या घरी बाहेरचीच. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सवयीने हात पुढे केला तर मायने ताट मागे ओढलं. "तू आते दुसरा घरनी," म्हणाली. हसत म्हणाली, पण ताट मागेच राहिलं. तेव्हापासून मी कानबाईला जात नाही. नवल मात्र दरवर्षी चतकोर रोट रुमालात बांधून शिरपूरला येतो. मोटारसायकल उभी करायच्या आधी म्हणतो, "मायले सांगू नको, मना जीव लेई."

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला नदीवर निघते. आमच्या घरची माय डोक्यावर घेते. एकदा उचलली की पाण्याला पाय लागेपर्यंत थांबायचं नाही, मागे वळायचं तर नाहीच.

त्या सोमवारी मी कॉलेजात होते. आकाश स्वच्छ. भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या पेट्या हिरव्या होत्या. हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे बंद. मी चहाचा कप उचलला आणि तेरसिंगचा फोन आला. त्याच्या पाड्यावर रेंज नाही. फोन करायचा तर त्याला मागची टेकडी चढावी लागते, म्हणून तो उगाच कधी करत नाही.

"ताई, पानी ऊनं, पूर ऊना," तो धापा टाकत होता. "लाल पानी. मोठला मोठला दगड वाजी राहिनात. खाले भोंगा वाजना ना?"

मी पडद्याकडे पाहिलं. सगळं हिरवं. पाण्याच्या रकान्यात सकाळचाच आकडा, गुडघाभर.

"तुझी पेटी चालू आहे ना?"

"चालू शे. लाईट लपलप करी राहिना. कवयपासून निरोप धाडी राहिनी ती."

पेटी निरोप धाडत होती आणि निरोप खाली पोचत नव्हता. आणि कुठेच काही लाल नव्हतं. एखादी पेटी मेलेली असती तर मला भीती वाटली नसती, मेलेल्यांची सोय मी केली होती. मी घाईने नोंदी उघडल्या. पाण्याचा निरोप वरून खाली येत होता, खालच्या पेटीशी पोचत होता, तिथून परत वर फिरत होता, टेकडीच्या वाटेला लागत होता आणि अर्ध्यातून पुन्हा खालच्या पेटीकडे वळत होता. परत वर. परत खाली. घाण्याच्या बैलासारखा तो फिरत होता, मागून येणारे निरोपही त्याच चकरीत सापडत होते, आणि कोणीही थांबलेलं नव्हतं म्हणून कोणीही तक्रार करत नव्हतं.

खालची पेटी धड जिवंत नव्हती आणि धड मेलेलीही नव्हती. जरा वेळ जागी व्हायची, "मी आहे" म्हणायची, की सगळे निरोप जवळची वाट म्हणून तिच्याकडे धावायचे. ते येईपर्यंत ती झोपायची. "मी आहे" एवढासा निरोप तेवढ्यात निसटून माझ्या पडद्यावर यायचा आणि मी तिला हिरवी समजत बसले होते. मेलेल्याला वळसा घालणं मी यंत्रांना शिकवलं होतं. मरता मरता "बरं आहे" म्हणणाऱ्याचं काय करायचं, ते मला सुचलंच नव्हतं. मला! मायच्या पोटी जन्मून!

त्या पेटीला इथून "गप्प बस" म्हणावं, तर तो निरोपही त्याच चकरीत जाणार होता. आणि वरून निमखेडीपर्यंत यायला पाण्याला जेवढा वेळ लागतो, त्यातला बराच तेरसिंगच्या टेकडी चढण्यात गेला होता. नदीवर माय, नवलची बायको दिपमाला, गावातल्या सगळ्या बाया.

मायचा फोन घरी कोनाड्यात वाजत राहिला असणार. नवलने उचलला नाही. दिपमालाने उचलला. मागे बँड एवढा की मला माझाच आवाज ऐकू येईना.

"दिपमाला, पाणी येतंय! वरून पूर येतोय! सगळ्यांना मागे फिरव!"

"काय? भोंगा तं वाजना नही, ताई."

"भोंगा बिघडलाय. मायला सांग!"

"मी मायले कशी सांगू, ताई? कानबाई डोकावर शे त्यास्ना. नानाले सांगस, थांबा."

मी शिपायाला लावला, बंद. जीवराम नानांना लावला. ते गावातले वडीलधारे, त्यांचा शब्द चालतो.

"हा, सांगस ना, सांगस," नाना ओरडून म्हणाले. "पन पोरी, निंघेल कानबाईले मांगे कोन फिरावई? आनि तू मांगे बी असंच करं व्हतं, लगीनमा. मी दिपमालाले म्हनस, ती तुनी मायना जोडे शे, ती सांगी."

मी फोन कानाला तसाच धरून पडद्याकडे बघत राहिले. दिपमाला नानांना सांगणार, नाना दिपमालाला. माझा निरोप गावात फिरत होता आणि माझी माय एक एक पाऊल नदीकडे चालली होती. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. नवलचा नंबर दाबताना दोनदा चुकला.

तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"अक्का, किती फोन? नाची राहिंतू ना मी."

"नवल, फरशीवरच्या पेटीला काय केलंस?"

बँड दणदणत होता.

"रागावू नको," तो म्हणाला. "रातले लाईट गई. कानबाईफुडे अंधार ठेवता का? पेटीनी बॅटरी लई ऊनू, उजाडताच परत बसाडी दिन्ही. चालू व्हयनी ना ती? हिरवा लाईट दखा मी."

देवीपुढे अंधार नको म्हणून बॅटरी नेली आणि वचनाचा पक्का म्हणून उजाडताच परत आणली. रात्रभर दिवे जाळून रिकामी झालेली. त्याने ती परत आणायचा आळस केला असता तर खालची पेटी सरळ मेली असती, निरोप टेकडीवरून गेला असता, आणि आत्तापर्यंत गाव शाळेवर चढलं असतं. आमच्या नवलचा प्रामाणिकपणा असा नेमका नको तेव्हा आडवा येतो.

"ऐक. पूर येतोय. खरंच येतोय, तेरसिंगने डोळ्यांनी पाहिलाय. बायकांना बाहेर काढ."

"अक्का, एवढा गलबलामा मनं कोन ऐकी? बाया पानीमा उतरी राहिन्यात. माय तं गुडघाभर गई." त्याचा आवाज बदलला होता. "भोंगा वाजू दे. भोंगा वाजना तं बठ्ठा पळतीन."

आणि मी म्हणाले. विचार न करता म्हणाले असं म्हणायची सोय नाही, मी विचार केला होता. फरशी कोरडी होती. बाया होत्या तिथून खांब फार लांब नव्हता. जाऊन यायला वेळ पुरेल असा हिशोब मी मनात केला.

"मग ती बॅटरी काढ. पेटी पूर्ण बंद पडू दे. ती मेली की निरोप टेकडीवरून जाईल. पळ, नवल."

तो पळाला. फोन चालूच होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, मागे पडत जाणारा बँड ऐकू येत होता, मग फरशीवर चपलांचा फटफट आवाज. मी पडद्यासमोर उभी होते. खालची पेटी हिरवी. हिरवी. हिरवीच. मी जन्मात कशाचा एवढा द्वेष केला नसेल तेवढा त्या हिरव्या रंगाचा केला.

"झाकन कडक शे," तो पुटपुटला. मग खटका वाजला. "काढी टाकी, अक्का."

पेटी लाल झाली.

आणि लगेच, कोणी दार उघडून दिल्यासारखे, सगळे निरोप टेकडीच्या वाटेने धावले. पाण्याचा आकडा उड्या मारत चढला. फोनमधून भोंगा ऐकू आला, आधी घोगरा, मग मोठा, मग एवढा मोठा की मी फोन कानापासून लांब धरला. बँड थांबला. बाया किंचाळत होत्या. मी एकटीच त्या खोलीत हसत होते आणि रडत होते.

"निंघ्यात!" नवल ओरडत होता. "माय बाहेर निंघनी, अक्का! नाना हात धरी राहिना तिना. बठ्ठ्या निंघी राहिन्यात!"

"तू पण निघ! नवल, फरशीवरून उतर आधी!"

"हा, निंघ..."

फोन कटला.

मी परत लावला. लागत नव्हता. रेंज गेली असेल, फोन पाण्यात पडला असेल, त्याला वस्तू सांभाळता कुठे येतात. पडद्यावर आकडा वर जाऊन थांबला होता. पूर निमखेडीत पोचला होता. मी थोडा वेळ जाऊ दिला. खरं तर फोन करायची माझी हिंमत होत नव्हती. मग नानांना लावला.

"बठ्ठ्या बाया बाहेर शेत," नाना म्हणाले. "तुनी माय बी बरी शे. तू देवीसारखी धावनी पोरी."

"नवल?"

"शे ना. शे. मायसंगे घर गया तो."

मी मायच्या फोनवर लावला. दिपमालाने उचलला. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, ना आनंद ना रडणं.

"नवलला दे गं."

"ते घर नहीत, ताई. नानासंगे शेत. नदीवर."

"नाना म्हणतात तो मायसोबत आहे."

मागे घरात माणसं असल्याची कुजबुज होती. आमच्या घरात एवढी माणसं कधी जमतात, ते मला माहीत होतं. मी फोन ठेवून नानांना परत लावला, त्यांनी उचलला नाही. शेजारच्या झुलालभाऊंना लावला. ते म्हणाले, "आत्तेच दखा त्याले, दिपमाला जोडे व्हता." मी पुन्हा घरी लावला. मायजवळ नाही, नानांजवळ नाही, दिपमालाजवळ नाही, आणि प्रत्येक जण मला दुसऱ्याकडे पाठवत होता. निरोप असा गोल फिरायला लागला की मधे काय झालेलं असतं, हे या जिल्ह्यात माझ्याइतकं चांगलं कोणाला माहीत होतं? आणि तरी मी गाडीची किल्ली शोधत होते आणि स्वतःला सांगत होते, कपडे बदलत असेल, गुरं सोडायला गेला असेल.

या वेळी फोन मायने घेतला.

"माय, नवल कुठे आहे?"

"बठ्ठं बरं शे," ती म्हणाली. सवयीने म्हणाली. ती रोज कशी बोलते ते मला पाठ आहे. हा आवाज मी ओळखत नव्हते.

"माय, खरं सांग ना."

"किरन, तू घर ये," ती म्हणाली. "तुनासाठे रोट ठेयेल शे."

मी खाली बसले. किल्ली हातातच होती. आमच्या घरात नियम मोडून मला रोट देणारा एकच माणूस होता. मायने आयुष्यात पहिल्यांदा मला फोनवर खरं सांगितलं होतं.